पोत्यात ओली ठेवलेली रोपं

वहिनी, परवा तुझी तेरवी झाली. लोक जेवून गेले, मंडपवाल्याने सतरंज्या गुंडाळून नेल्या. काल दिवसभर घरात इतकी शांतता होती की गोठ्यातल्या गायीचं रवंथ करणंसुद्धा ऐकू येत होतं. आज सकाळी न्हाणीत गेले तर कोपऱ्यात खिळ्याला तुझं पोतं टांगलेलं दिसलं. वाळून कडक झालं होतं. सवयीने मी मगात पाणी घेतलं, हात वर नेला, आणि मग लक्षात आलं की पोत्यात आता काहीच नाही.

म्हणून लिहायला बसले. मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात आम्हाला प्रयोग लिहायला लावतात: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. माणसाविषयी कसं लिहायचं ते कोणी शिकवलेलं नाही. तेरवीला कोण आलं, कोण काय बोललं, ते तुला सांगत नाही. तू त्या सगळ्यांना ओळखतेस आणि त्यांच्या नकला माझ्यापेक्षा चांगल्या करतेस. तू जे विचारलं असतंस तेवढंच सांगते. पहिलं म्हणजे, रोपांचं काय झालं? आणि त्याच्याही आधी, कमरेवर हात ठेवून, "वैशे, तू अजून घरी काय करून राह्यली? कॉलेज बंद हाय का?"

कॉलेज बंद नाही, वहिनी. आई म्हणते, यंदा राहू दे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारावीत होते. तुझं गाव वर, चिखलदऱ्याच्या पठारावर. आमचं हे बोरी अरबच्या बाजूचं, काळ्या मातीचं, कापूस, सोयाबीन आणि तुरीचं. उन्हाळ्यात इथे घराच्या भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. पण तू आलीस ती हिवाळ्याच्या तोंडावर, त्यामुळे ते तुला लगेच कळलं नाही. एका संध्याकाळी तू ओट्यावर शाल मांडीवर घेऊन बसली होतीस. पांघरली नव्हतीस, नुसती घेऊन बसली होतीस. कोणाची तरी वाट पाहावी तशी.

"थंडी कधी सुरू होते वं अठी?" तू मला विचारलंस.

"आली ना. हीच तं."

"हे? याले तं आमच्या तिकडं दसरा म्हणते."

दादा बैलांना पाणी दाखवून येत होता. त्याला राहवलं नाही. "मंग पौषात काय म्हणते तुमच्याकडं?"

"पौषात कोनी काई म्हणत नाही. तोंड उघडलं का दात वाजते."

आतून आईचा आवाज आला, "झालं असन माहेराचं कौतुक तं भाकरी थापा." तू शाल घडी करून आत गेलीस. पण जाताना मला डोळा मारलास. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता या घरात मी एकटी नाही. बाबा मी पाचवीत असताना गेले. त्यानंतर आमच्या घरात कामाशिवाय कोणी फारसं बोलत नव्हतं. गंमत करायला माणूस लागतं, हे आम्ही विसरलो होतो.

गोठा आणि न्हाणीच्या मधे जो मोकळा तुकडा आहे, तो तू घेतलास. न्हाणीचं पाणी तिकडेच वाहून जायचं, चिखल व्हायचा, डुकरं लोळायची. तू कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण केलंस. वाफे पाडलेस. मेथी, पालक, कोथिंबीर, लसूण, वांगी. इथपर्यंत आई खूश होती, बाजाराची चक्कर वाचली. मग एक दिवस तुझा भाऊ पोत्यात बांधून काहीतरी घेऊन आला आणि तू ती रोपं अशी उतरवून घेतलीस जसं कोणी तान्हं लेकरू एसटीतून उतरवून घेतं.

"काय हाय वं हे? पालक?" आईने विचारलं.

"स्ट्रॉबेरी."

आई काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा खूप बोलते.

तुझ्या वडिलांकडे स्ट्रॉबेरीचा मळा. तू त्यातच मोठी झालेली. तिकडे वाफ्यांवर काळा प्लास्टिकचा कागद घालतात, फळ मातीला टेकू नये म्हणून. आपल्याकडे कागद कुठला? तू सोयाबीनचं कुटार पसरलंस, नुकतंच खळ्यावरून आलेलं, पिवळं आणि टोचणारं. मला ते फार आवडलं होतं. तुझ्या माहेरचं झाड आमच्या शेतातल्या भुश्शावर बसलं होतं. मी हे तुला तेव्हा म्हणाले नाही. ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "कविता नको करू, पाणी आन."

फळं धरली. बोराएवढी. आंबट. पहिली वाटी तू आईपुढे ठेवलीस. आईने एक तोंडात टाकली, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "बोरं काय कमी होते का गावात?" पण वाटी तिनेच रिकामी केली.

मग फाल्गुन आला. दुपारी वारा गरम झाला आणि रोपांनी मान टाकली. तू मला विचारलंस, "काहून असं करून राह्यले हे?" मी नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, मला सगळं येतं असं वाटत होतं. मी म्हणाले, यांच्या मुळांना थंड पाहिजे असतं. बस. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तू बर्फगोळेवाल्याकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणलीस. खलबत्त्याने फोडलीस. आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी, कुटारावर, बर्फाचे तुकडे नीट रचून ठेवलेस.

दादा शेतातून आला आणि कुंपणापाशी उभाच राहिला. "झाडाले शरबत पाजून राह्यली का?"

"तुमाले नाही देलं म्हणून जळून राह्यले का?"

"जळून नाही राह्यलो. इचारतो, का उद्या या झाडायले पंखा लावतं का?"

सकाळी जिथे बर्फ टेकला होता तिथली पानं काळी पडली होती. तू माझ्यावर चिडलीस. "तूच म्हणली थंड पाह्यजे." मी म्हणाले, "मी बर्फ म्हणली का?" आपण बोललोच नाही. आई दोघींच्या मधे बसून एकीचं बोलणं दुसरीला सांगत होती आणि तिला त्याची मजा येत होती, हे मला आता कळतं. नंतर उरलेल्या रोपांवर तू तुरीच्या काड्यांचा, तुराट्यांचा मांडव घातलास, त्यावर ओलं फडकं. तरी वैशाखात सगळी गेली. दरवर्षी जायची. दरवर्षी दसऱ्यानंतर तुझा भाऊ नवी आणायचा. आणि दरवर्षी तू म्हणायचीस, या वर्षी उन्हाळा काढतील, पाहाजो.

मी म्हणायचे, नाही काढणार. माझंच खरं व्हायचं. त्यात मला कधी आनंद झाला नाही, हे तुला माहीत होतं ना?

कॉलेजचं सांगायचं राहिलं. म्हणजे तेच सांगायला बसले आहे आणि तेच पुढे पुढे ढकलते आहे.

बारावीचा निकाल लागला. मला यवतमाळला शेतीच्या कॉलेजात नंबर लागत होता. आमच्या घरात, आईच्या माहेरात, कोणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "शेतीचं शिकायले कॉलेज कायले लागते? शेत घरीच हाय." दादा विळ्याला धार लावत राहिला. घरात काम किती असतं ते त्यालाही दिसत होतं. पहाटेचं पाणी, शेण, गाय, वेचणी, स्वयंपाक, आणि आईचे गुडघे. एक मुलगी घरातून कमी झाली की ते सगळं कोणाच्या तरी अंगावर पडणार. तू चुलीपाशी होतीस. भाकरी उलटताना, वळून न पाहता म्हणालीस, "दोघीचं काम मी करीन, आई. तिले जाऊ द्या."

"बोलणं सोपं हाय."

"मंग करून दाखवतो ना. नाही झालं तं बोलावून घेजा तिले."

बोलवायची वेळ तू येऊ दिली नाहीस. मी सुट्टीत घरी यायची तेव्हा तुझे हात पाहायची. कापसाच्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या असायच्या. एकदा मी विचारलं, "वहिनी, दमतेस का?" तू म्हणालीस, "इचारू नको. इचारलं का दमल्यासारखं वाटते." आणि मग मला कामाला लावलंस: "सांग, काय नवीन शिकली ते सांग. फुकट नाही पाठवलं तुले."

मग मी सांगायची. तू लसूण सोलत ऐकायचीस. मला वर्गात जे समजलं नव्हतं ते तुला सांगताना समजायचं. मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी जगाचा एक नकाशा दाखवला होता, रंगीत पट्ट्यांचा. हिवाळ्यात कुठे कमीत कमी किती थंडी पडते त्याप्रमाणे रंग. कोणतं झाड कुठे तगेल ते त्यावरून ठरवतात. मी मोबाईलवर फोटो काढून आणला आणि दिवाळीत तुला दाखवला.

"हे पाहा, आपण या रंगात. इथला हिवाळा मवाळ. झाडाला मारत नाही."

"नि माझं माहेर?"

मी बोटांनी फोटो मोठा केला. बराच मोठा केला. दोन्हीकडे एकच रंग.

तू फोन हातात घेतलास. हात ओले होते, साडीला पुसलेस आणि मग घेतलास. "म्हणजे तठी नि अठी थंडी सारखीच?"

"जवळजवळ. नकाशा मोठा आहे ना, त्यात थोडाफार फरक दिसत नाही."

"थोडाफार? तं मले दोन वर्षांपासून जे लागून राह्यलं ते काय हाय?"

मी तुला सरासरी समजावून सांगायला लागले. उंची समजावली, पट्टे किती रुंद असतात ते सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि फोन परत दिलास. "तुमच्या सराले एक दिवस माह्या मायच्या अंगणात उभं करजो. पौषात. बिनचपलेचं." मग उठून गेलीस. त्यानंतर मी काहीही नवीन सांगितलं की तू म्हणायचीस, "हे त्याच नकाशात हाय का?" हे भांडण आपण मिटवलं नाही. मी अजूनही म्हणेन की नकाशा खोटा नव्हता. पण तुला जे लागत होतं ते मोजायचं यंत्र कॉलेजात नाही, एवढं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं का, ते माहीत नाही. तुला कदाचित ते ऐकायचंही नसेल. तुला कदाचित फक्त दोन वेगळे रंग पाहायचे होते.

यंदा दसऱ्यानंतर तुझा भाऊ आला तेव्हा मी होस्टेलवर होते. दादा सांगतो, तुझ्या अंगात तेव्हाच ताप होता. तरी भावाला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी तू त्याच्या हातातलं पोतं घेतलंस, भिजवलंस, न्हाणीच्या गार कोपऱ्यात ठेवलंस. म्हणालीस, उद्या लावू. मग तो उद्या आलाच नाही. तुला यवतमाळला दवाखान्यात आणलं. मी होस्टेलवरून धावत आले.

तिथलं मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की एका दुपारी तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस, आणि तू म्हणालीस, "पोतं ओलं हाय का?"

मी बाहेर येऊन आईला फोन केला. "आई, न्हाणीतल्या पोत्यावर पाणी टाक."

"पोरी, माणसाचं सांग वं. पोत्याचं काय घेऊन बसली?"

मला माणसाचं काहीच सांगता येत नव्हतं. मी आत येऊन तुला म्हणाले, हो, ओलं आहे. तू मान हलवलीस. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तुला घरी आणलं, सगळं झालं, बाया आंघोळीला न्हाणीत गेल्या, तेव्हा मी पोत्याला हात लावून पाहिला. ओलं होतं. टपकण्याइतकं ओलं. कोणी केलं ते कोणी बोललं नाही. घरात त्या दिवसांत आईशिवाय कोणीच नव्हतं.

मग सुतक. तुला माहीत आहे आपल्याकडचं. तेरवीपर्यंत घरच्या माणसाने मातीत हात घालायचा नाही, लावायचं नाही, खुडायचं नाही. आईने पहिल्याच दिवशी मला कुंपणाकडे जाताना पाहिलं आणि म्हणाली, "वैशे, नको." रागावून नाही म्हणाली. पण तेरवीपर्यंत रोपं पोत्यात राहिली असती तर सडली असती किंवा सुकली असती, दोन्हीपैकी एक. आधीच उशीर झाला होता. आपला हिवाळा आधीच एवढासा, त्यातले दिवस वाया गेले की फुलं यायच्या वेळी ऊन येतं. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून पोत्याचं तोंड उघडलं. आतली पानं पिवळी पडायला लागली होती. मातीचा आणि कुजण्याचा, दोन्ही वास येत होते.

सोनाबाई आली होती. शेजारच्या तांड्यातली, जिच्या बकऱ्यांना तू कुंपणावरून दगड मारायचीस. आपली चूल बंद म्हणून ती पिठलं-भाकरी घेऊन आली होती. माझ्यापुढचं पोतं तिने पाहिलं.

"हे तिच्या मायच्या गावचं ना?"

मी हो म्हणाले.

"मंग मी लावतो. मले कोनतं सुतक लागते?" ती आईकडे न पाहता म्हणाली. आई भिंतीला टेकून बसली होती. ती काही बोलली नाही, आणि या वेळेला तिचं न बोलणं वेगळं होतं.

वहिनी, तू हे पाहायला हवं होतंस. मी उंबऱ्यावर, पाय आतल्या बाजूला, आणि तिथून सोनाबाईला सांगते आहे. सोनाबाई पदर खोचून वाफ्यात.

"मुळ्या खाली ठेवा, सोनाबाई."

"तेवढं समजते व मले. मी का जहाजावर जन्मली?"

"आणि पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा दिसतो ना, तो वर राहू द्या. तो मातीत गेला तर सडते."

तिने हात थांबवले. "मातीत गेलं तं सडते? मंग लावायचं कायले?"

मला हसू आलं. तू गेल्यावर पहिल्यांदा. हसले आणि मग इतकं वाईट वाटलं की मी ओढणीचं टोक तोंडात धरलं. सोनाबाईने तिच्या पद्धतीने लावलं. आयुष्यभर तिने कांद्याची आणि वांग्याची रोपं लावली आहेत, ती काय करणार? खोल खड्डा, गळ्यापर्यंत माती, वरून टाचेने दाब. मी "वर, वर" म्हणत राहिले. ती "हो, हो" म्हणत राहिली आणि दाबत राहिली. शेवटच्या वाफ्यात ती थांबली आणि तिथेच बसून रडायला लागली. "माह्या बकऱ्यायले दगड मारे व ही पोरगी. एक बी नेम लागला नाही कधी तिचा."

दिवाळी सुतकातच आली आणि आपल्या दारावरून पुढे गेली. तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर गाणं म्हणत फिरत होत्या, त्यांचा आवाज आपल्या मागच्या अंगणापर्यंत येत होता. दादा बाजेवर पडून होता. त्याने कूस बदलली, एवढंच.

आणि काल आईने मला जवळ बसवलं. 

"वैशे, माह्यानं आता होत नाही वं. वेचणी अंगावर हाय. गाय हाय. तुह्या दादाले दोन घास कोन करून घालन? यंदा राहू दे. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी पाहू म्हणजे काय ते मला माहीत आहे. गावात माझ्या वर्गातल्या मुली आहेत. कोणाचं पुढचं वर्ष आलेलं नाही. पण ती गुडघे चोळत होती, आणि खोटं बोलत नव्हती. तू जे दोघींचं काम करत होतीस ते आता कोणीच करत नाहीये, ते असं अंगणात पडून आहे आणि सगळ्यांना दिसतं आहे. मी म्हणाले, "बरं."

तू असतीस तर मला चिमटा काढला असतास.

...

इथपर्यंत त्या दिवशी लिहिलं होतं. मधे बरेच दिवस गेले.

ते लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफ्यात गेले. आता सुतक नव्हतं. सोनाबाईने लावलेली रोपं मी एकेक हलकेच उकरून वर उचलत होते, गड्डा मातीच्या वर येईल इतकी. काही आधीच मऊ पडली होती, हातातच सुटली. ती बाजूला ठेवत होते. कुंपणापाशी कोणीतरी उभं आहे असं वाटलं. दादा. वेचणीच्या बाया शेतात पोचल्या असतील आणि हा अजून घरी.

तो आत आला आणि उकिडवा बसला. तुझ्या वाफ्यात त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय करून राह्यली?"

मी सांगितलं. त्याने एक रोप उचलायचा प्रयत्न केला. त्याची बोटं जाड, पान तुटलं. तो हात मागे घेऊन बसला.

"तिनं मले कधी शिकवलं नाही," तो म्हणाला.

"तू कधी आला इकडं?"

"आलो तं हाकलून लावे मले. म्हणे, पाय मोठे हाय तुमचे."

 मी एक रोप उचलून दाखवलं, त्याने दुसरं उचललं. या वेळेला पान तुटलं नाही. मग तो मातीकडेच पाहत म्हणाला, "मले सांग कोनाले कधी काय लागते. नि मंग तू जा यवतमाळले."

"आणि आई? स्वयंपाक?"

"खिचडी येते मले."

"रोज खिचडी?"

"मंग काय झालं? ती दोन बायाचं काम करे म्हणते. मी एका माणसाचं तं करून पाहातो."

 मी वर पाहिलं नाही. वहिनी, तू म्हणायचीस ना की तुझ्या नवऱ्याला रडता येत नाही. येतं. वाफ्यात बसून, हाताला माती असल्यामुळे डोळे पुसता न येता, येतं.

आई मागच्या दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मला वाटलं आता ती काही बोलेल आणि सगळं परत पहिल्यासारखं होईल. ती म्हणाली, "खिचडीत मीठ किती टाकतं, एवढं त्याले इचारून ठेव जायच्या आधी." आणि आत गेली.

मी निघाले तेव्हा आई फाटकापर्यंत आली नाही. बॅगेत लोणच्याची बरणी ठेवली होती, फडक्यात बांधून. एसटीत बसल्यावर मी ती मांडीवर घेतली. मी तुला कधीच म्हणाले नाही की तू माझ्यासाठी काय केलंस ते मला समजतं. आपल्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. म्हटलं असतं तर तू लाजली असतीस, मग नक्कल केली असतीस. तरी तेव्हा एसटीच्या खिडकीशी बसून मी ते हळूच म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईला वाटलं मी तिच्याशी बोलले. "काय म्हणलं, बाई?" तिने विचारलं. मी म्हणाले, काही नाही.

आता होस्टेलवर आहे. वर्ग चुकले ते मैत्रिणीकडून उतरवून घेते आहे. सकाळी इथे चादर अंगावर ओढावी लागते. तू असतीस तर याला काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे.

दादा रोज फोन करत नाही. करतो तेव्हा दोनच गोष्टी सांगतो: गाय किती दूध देते आणि वाफ्यात काय आहे. आईचं काही सांगत नाही. एकदा मागून तिचा आवाज ऐकू आला, "डाळ लागली खाली, उतरव." म्हणजे तो खिचडीच्या पुढे गेला आहे.

काल संध्याकाळी त्याने व्हिडिओ कॉल केला. फोन उलटा धरला होता, आधी आकाश दिसलं, मग त्याचा कान, मग कुटार. मग एक रोप. त्यावर एक पांढरं फूल, मधे पिवळं, तुझ्या नाकातल्या खड्याहून थोडं मोठं.

"पाहून राह्यली का?"

"हो."

"तू सांगून गेलती का पहिलं फूल खुडून टाकजो म्हणून."

सांगितलं होतं. पहिली फुलं खुडली की झाडाची ताकद मुळांत उतरते, रोप भरतं, पुढे फळं जास्त आणि मोठी येतात. न खुडलं तर सगळा जोर त्या एका फळात जातो. हे पुस्तकात आहे, तुझ्या वडिलांच्या मळ्यातही असंच करतात, तू स्वतः दरवर्षी करायचीस. नखाने, पटकन, दुसरीकडे पाहत.

"सकाळपासून दोनदा हात नेला म्या," दादा म्हणाला.

 त्याच्या हाताची सावली फुलावर पडली आणि तशीच राहिली. तो मला विचारत होता, कारण मी शिकलेली आहे. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी बरोबर उत्तर लिहिलं असतं.

"राहू दे दादा," मी म्हणाले.

"राहू देऊ?"

"राहू दे."

त्याने हात मागे घेतला. मग आम्ही दोघं त्या फुलाकडे पाहत राहिलो, तो तिथून, मी इथून, अंधार पडून स्क्रीनवर काही दिसेनासं होईपर्यंत. चुकीचं केलं, वहिनी, दोघांनी मिळून. आणि आम्हाला रागवायला कोणी आलं नाही.